वजन उतरताना स्नायू राखण्याचे माझे वर्ष

वजन घटवण्याचे औषध सुरू करून पाच महिने झाले होते आणि वजनकाट्यावरचा आकडा ९४ किलोवरून ८१ वर आला होता, तेव्हा एका सकाळी कपाटाच्या सर्वांत खालच्या कप्प्यातली वस्तू काढण्यासाठी मी जमिनीवर बसले आणि उठताना मला दोन्ही हात टेकावे लागले. वजन ९४ किलो असताना मी एका हाताच्या आधाराने उठत असे. तेरा किलोंचे ओझे उतरल्यावर उठणे सोपे व्हायला हवे होते. ते अवघड झाले होते. त्याच आठवड्यात बरणीचे घट्ट बसलेले झाकण मला फिरेना आणि ते मुलीकडे द्यावे लागले. तिने ते उघडले आणि म्हणाली, "आई, तू बारीक झालीस हे खरं, पण दमल्यासारखी का दिसतेस?" त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात माझे पुढचे सात महिने गेले.

त्या वेळी माझे वय ५३ होते. रक्तातील साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर होती, रक्तदाबाची गोळी चालू होती आणि गुडघे दुखत होते, म्हणून डॉक्टरांनी सेमाग्लुटाइडचे आठवड्याला एकदा घ्यायचे इंजेक्शन सुचवले. हे औषध आतड्यातून स्रवणाऱ्या जीएलपी-१ या संप्रेरकासारखे काम करते: मेंदूतील भुकेची जाणीव मंदावते आणि जठरातून अन्न पुढे सरकण्याचा वेगही कमी होतो. नेहमीप्रमाणे ०.२५ मिलिग्रॅमपासून सुरुवात करून दर चार आठवड्यांनी मात्रा वाढवत ०.५, १ आणि मग १.७ मिलिग्रॅमपर्यंत आम्ही गेलो. प्रत्येक भेटीत वजन, रक्तदाब आणि साखर नोंदवली जाई आणि आकडे उतरलेले पाहून सगळ्यांना समाधान वाटे. उतरलेल्या वजनात नेमके काय होते, हे त्या पाच महिन्यांत कोणी विचारले नाही आणि मलाही ते विचारायचे सुचले नाही. औषध सुरू करण्यापूर्वी शरीररचनेची एक तपासणी करून घेतली असती तर पुढची सगळी तुलना नेमकी झाली असती. ती राहून गेली, याची मला अजूनही खंत वाटते.

जमिनीवरून उठण्याचा तो प्रसंग मी पुढच्या भेटीत डॉक्टरांना सांगितला. त्यांनी तो गांभीर्याने घेतला आणि जे समजावून सांगितले, ते मी घरी येऊन वहीत उतरवून ठेवले. वजन कोणत्याही मार्गाने उतरले तरी ते केवळ चरबीचे नसते. त्यातला काही भाग चरबीविरहित वस्तुमानाचा असतो. सेमाग्लुटाइडच्या स्टेप-१ या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के वजन घटले आणि ज्या १४० जणांची डेक्सा तपासणी (क्ष-किरणांनी चरबी, चरबीविरहित भाग आणि हाडे वेगवेगळी मोजणारी) झाली होती, त्यांच्या घटलेल्या वजनापैकी चाळीस टक्क्यांच्या आसपास भाग चरबीविरहित होता. तिर्झेपटाइड या दुसऱ्या औषधाच्या २०२२ मधील चाचणीत हे प्रमाण पंचवीस टक्क्यांच्या जवळ होते. ही दोन प्रमाणे वेगवेगळ्या चाचण्यांतली असल्यामुळे त्यांची थेट तुलना करू नये, असेही डॉक्टरांनी बजावले.

चाळीस टक्के हा आकडा ऐकून मी घाबरले होते, म्हणून त्यांनी आणखी दोन गोष्टी सांगितल्या. चरबीविरहित वस्तुमान म्हणजे निव्वळ स्नायू नव्हेत. त्यात शरीरातील पाणी, यकृतासारखे अवयव, संयोजी ऊतक आणि स्नायूंत साठलेले ग्लायकोजनही (साखरेचा साठा) येते, आणि ग्लायकोजनच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी बांधलेले असते. शिवाय त्याच चाचणीत चरबी त्याहून कितीतरी अधिक घटल्यामुळे, उरलेल्या शरीरात चरबीविरहित भागाचे प्रमाण उलट वाढलेच होते. त्यामुळे औषध स्नायूंना थेट मारते असा अर्थ काढायचा नव्हता. मात्र रजोनिवृत्तीनंतरच्या वयात, जेव्हा स्नायू एरवीही झिजत असतात, तेव्हा त्या झिजेत आणखी भर पडू देणे परवडणारे नव्हते. जेवणानंतर रक्तातली साखर प्रामुख्याने स्नायूच शोषून घेतात. म्हणजे ज्या मधुमेहापासून वाचण्यासाठी मी औषध घेत होते, त्याच्याविरुद्धचा माझा मुख्य आधार मीच कमी करत होते.

तपासण्या झाल्या. डेक्सामध्ये ८१ किलोंपैकी चरबी ३५.५, चरबीविरहित भाग ४३.१ आणि हाडांतील खनिजे २.४ किलो आली. घरच्या वजनकाट्यावरही चरबीचा टक्का दिसत असे, परंतु तो काटा शरीरातून सूक्ष्म विद्युतप्रवाह सोडून अंदाज बांधतो आणि त्या दिवशी पाणी किती प्यायले यावर तो अंदाज हलतो, हे कळल्यावर मी त्याकडे पाहणे सोडून दिले. फिजिओथेरपिस्टनी मात्र डेक्सापेक्षा दोन साध्या चाचण्यांवर अधिक भर दिला. हात छातीवर बांधून खुर्चीवरून पाच वेळा उठायचे आणि बसायचे. मला त्याला १६ सेकंद लागले, आणि युरोपीय तज्ज्ञगटाच्या २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकषांनुसार १५ सेकंदांपेक्षा अधिक वेळ हे ताकद कमी असल्याचे लक्षण मानले जाते. मुठीची पकड मोजणाऱ्या यंत्रावर १७.५ किलो आले; स्त्रियांसाठी त्याच निकषांतील खालची मर्यादा १६ किलो आहे. "तुमचे स्नायू किती किलो आहेत यापेक्षा ते काय करू शकतात हे मला आधी पाहायचे आहे," असे त्या म्हणाल्या, आणि माझ्या मते या संपूर्ण वर्षात मला मिळालेला हा सर्वांत उपयोगी सल्ला होता. खुर्ची प्रत्येक घरात असते आणि घड्याळही असते. ही चाचणी औषधाच्या पहिल्या इंजेक्शनपूर्वी प्रत्येकाने करून तारखेसह लिहून ठेवावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

त्यानंतर आहारतज्ज्ञांनी मला तीन दिवस खाल्लेला प्रत्येक घास लिहून आणायला सांगितला. हिशोब झाला तेव्हा दिवसाला जेमतेम ९०० कॅलरी आणि ३८ ग्रॅम प्रथिने पोटात जात होती. मला भूक नव्हती, म्हणून मी खात नव्हते, आणि न खाता राहता येते याचा मला अभिमानही वाटत होता. वजन उतरवण्याच्या काळात शरीराच्या दर किलोमागे १.२ ते १.६ ग्रॅम प्रथिने घ्यावीत असे सर्वसाधारणपणे सुचवले जाते. एरवी प्रौढांसाठी किमान शिफारस ०.८ ग्रॅमची असते. वजन बरेच जास्त असेल तर हा हिशोब सध्याच्या वजनावर न करता अपेक्षित वजनावर करतात, म्हणून ७० किलो धरून माझे उद्दिष्ट रोज ९० ग्रॅम ठरले. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी एवढी प्रथिने डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. माझीही क्रिएटिनिनची तपासणी आधी करून घेतली गेली.

ज्याला भूक लागते त्याला ९० ग्रॅम प्रथिने ही मोठी गोष्ट वाटणार नाही. ज्याचे पोट चार घासांत भरते आणि पाचव्या घासाला मळमळते, त्याच्यासाठी ते रोजचे कष्टाचे काम असते, आणि हे कष्ट बाहेरून कोणाला दिसत नाहीत. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, पेलाभर दुधात ८ ग्रॅम, शंभर ग्रॅम शिजवलेल्या डाळीत आठ-नऊ ग्रॅम, तेवढ्याच शिजवलेल्या कोंबडीच्या मांसात ३० ग्रॅमच्या आसपास, असे हिशोब मला तोंडपाठ झाले. ताटातले प्रथिनांचे पदार्थ आधी संपवायचे, मग भाज्या आणि सर्वांत शेवटी भात किंवा पोळी, हा क्रम मी कटाक्षाने पाळू लागले, कारण पोट कधी भरेल याचा नेम नसे. तेलकट आणि जड पदार्थ जठरात आधीच रेंगाळणाऱ्या अन्नाला आणखी रेंगाळायला लावतात, म्हणून ते जवळजवळ बंद केले. वाढत्या वयात स्नायूंची बांधणी सुरू होण्यासाठी एका वेळच्या खाण्यात २५ ते ३० ग्रॅम प्रथिने असलेली बरी, असे आहारतज्ज्ञांचे म्हणणे होते. मला ते दिवसातून दोनदाच साधत असे, आणि उरलेली कसर पाणी गाळून घट्ट केलेले दही आणि व्हे प्रथिनांची पूड घातलेले दूध यांवर भागवावी लागे. ज्या दिवशी घन पदार्थ समोर नको वाटत, त्या दिवशी पातळ पदार्थ घोट घोट घेता येत, आणि ९० ऐवजी ६५ ग्रॅमच झाले तरी वहीत तसेच प्रामाणिकपणे लिहायचे, एवढा नियम मी ठेवला होता. बद्धकोष्ठतेसाठी पाणी आणि तंतुमय पदार्थ यांकडेही लक्ष द्यावे लागले, कारण तहानसुद्धा भुकेसारखीच मंदावलेली असते.

खाण्याचा हा भाग मी अर्ध्याहून अधिक यशाने सांभाळला असेन. माझ्या स्नायूंना खरा आधार दिला तो ताकदीच्या व्यायामाने.

तोपर्यंत मी रोज तासभर चालत असे आणि व्यायामाचे कर्तव्य पूर्ण झाले असे समजत असे. चालण्याने हृदयाला आणि मनाला फायदा होतो, आणि मी ते आजही सोडलेले नाही. पण चालताना मांड्यांना आपल्या ताकदीच्या मर्यादेपर्यंत जावे लागत नाही आणि हात, खांदे व पाठ यांना तर जवळजवळ काहीच करावे लागत नाही. ऊर्जेचा तुटवडा असताना शरीर स्नायूंतील प्रथिने मोडून वापरते, आणि जो स्नायू नियमितपणे जड भार उचलतो त्याची झीज तुलनेने कमी होते, असे फिजिओथेरपिस्टनी मला समजावले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांतही प्रौढांनी आठवड्यातून किमान दोन दिवस सर्व प्रमुख स्नायूंना बळ देणारे व्यायाम करावेत असे स्पष्ट म्हटले आहे. मी त्या सूचनेतला आठवड्याला दीडशे मिनिटांचा भाग लक्षात ठेवला होता आणि दुसरा भाग सोडून दिला होता.

सुरुवात अगदी लहान होती. खुर्चीवरून हात न लावता उठणे-बसणे, भिंतीला टेकून जोर काढणे, रबरी पट्टा दाराला अडकवून छातीकडे ओढणे, टाचा उचलणे आणि दोन्ही हातांत वजन घेऊन खोलीभर चालणे, एवढेच पाच प्रकार पहिल्या महिन्यात होते. प्रत्येकाच्या दोन फेऱ्या, फेरीत आठ ते बारा वेळा, आणि थांबायचे केव्हा तर आणखी दोन-तीन वेळाच करता येईल असे वाटेल तेव्हा. हा शेवटचा नियम मला समजायला वेळ लागला. मी आधी फार लवकर थांबत असे, कारण थकवा म्हणजे काहीतरी बिघडत असल्याची खूण, अशी माझी समजूत होती. बारा वेळा सहज जमू लागले की भार थोडा वाढवायचा आणि पुन्हा आठपासून सुरू करायचे, ही पायरीपायरीची चढण हाच या व्यायामाचा गाभा आहे. तोच भार वर्षभर उचलत राहिले तर काही काळाने स्नायूला त्यात नवे आव्हान उरत नाही. दुसऱ्या महिन्यात भिंतीऐवजी टेबलाच्या कडेवर जोर काढू लागले, खुर्चीची उंची कमी केली, आणि चौथ्या महिन्यात कंबरेतून वाकून जमिनीवरचे वजन उचलण्याचा प्रकार आला. पहिल्यांदा १२ किलो उचलले होते. वर्षाच्या शेवटी ३८ किलो उचलले. गुडघ्यांची भीती वाटत होती, पण मांड्यांत बळ आल्यावर जिना उतरतानाचे दुखणे बरेच कमी झाले, आणि त्याचे श्रेय केवळ घटलेल्या वजनाला देता येणार नाही, कारण पहिल्या तेरा किलोंनी ते तेवढे कमी झाले नव्हते.

आठवड्याची मांडणी इंजेक्शनच्या दिवसावर बेतावी लागली. इंजेक्शननंतर एक ते तीन दिवसांत रक्तातील औषधाची पातळी सर्वाधिक असते आणि मला मळमळ त्याच काळात होई. म्हणून इंजेक्शन शुक्रवारी रात्री आणि व्यायाम सोमवारी, बुधवारी व शुक्रवारी संध्याकाळी, असा क्रम लावला; मधल्या दिवसांत त्या स्नायूंना विश्रांतीही मिळे. १.७ मिलिग्रॅमवर खाणे फारच कमी होते हे वहीतून दिसल्यावर डॉक्टरांनी मात्रा पुन्हा १ मिलिग्रॅमवर आणली. मला तो निर्णय सुरुवातीला पटला नाही. वजन उतरण्याचा वेग महिन्याला अडीच किलोंवरून एकावर आला, आणि काही आठवडे तर काटा हललाच नाही. स्नायूंच्या ताकदीसाठी घेतले जाणारे क्रिएटिन हे पूरक रोज ३ ग्रॅम सुरू केल्यावर त्यात भर पडली, कारण स्नायूंत पाणी धरून ठेवल्यामुळे त्याने सुरुवातीला वजन किंचित वाढते. त्या आठवड्यांत मी डॉक्टरांना दोनदा फोन करून मात्रा वाढवण्याची विनंती केली. दोन्ही वेळा त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, की खुर्चीच्या चाचणीला आता किती सेकंद लागतात. उत्तर १३ होते.

आठव्या महिन्यात पोटाच्या संसर्गाने मी नऊ दिवस अंथरुणात होते. वजन त्या काळात जवळपास तीन किलोंनी घटले आणि ते पाहून पूर्वी मला आनंद झाला असता. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी ज्येष्ठांना दहा दिवस अंथरुणात ठेवले असता त्यांच्या पायांतून जवळपास एक किलो चरबीविरहित ऊतक गेले होते, हे मी वाचलेले होते, त्यामुळे त्या तीन किलोंकडे पाहताना मला धास्तीच वाटली. डॉक्टरांच्या सांगण्यावरून त्या आठवड्याचे इंजेक्शन घेतले नाही. उठता येऊ लागल्यावर पहिल्या दिवशी खुर्चीवरून फक्त पाच वेळा उठले, दुसऱ्या दिवशी दोनदा पाच वेळा, आणि आधीच्या भारावर परत यायला तीन आठवडे लागले. आजारपणानंतर सरळ पूर्वीचे वजन उचलायला जाऊ नये, ही गोष्ट मी त्या वेळी खांदा दुखावून घेऊन शिकले.

वर्ष पूर्ण झाल्यावर दुसरी डेक्सा झाली. एकूण वजन ७३.६ किलो, त्यात चरबी २८.६, चरबीविरहित भाग ४२.६ आणि हाडांतील खनिजे २.४. म्हणजे सात महिन्यांत घटलेल्या ७.४ किलोंपैकी ६.९ किलो चरबी होती आणि चरबीविरहित भाग केवळ अर्ध्या किलोने कमी झाला होता. एवढा फरक तपासणीच्या मोजमापात होऊ शकणाऱ्या चुकीमुळेही दिसू शकतो. खुर्चीच्या चाचणीला १०.५ सेकंद लागले आणि मुठीची पकड २२ किलो आली. पहिल्या पाच महिन्यांत किती स्नायू गेले हे मला कधीच कळणार नाही, कारण तेव्हाची तपासणीच नाही, परंतु त्यानंतरचे बहुतेक राखता आले, एवढे या दोन कागदांवरून म्हणता येते.

आता प्रश्न औषध पुढे किती काळ घ्यायचे याचा आहे. सेमाग्लुटाइड थांबवल्यानंतर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोनतृतीयांश परत आल्याचे स्टेप-१ च्या पुढच्या पाठपुराव्यात २०२२ मध्ये दिसले. व्यायामाशिवाय परत येणाऱ्या वजनात चरबी अधिक असते, म्हणजे स्नायू गमावून वजन उतरवले आणि मग औषध सोडले तर माणूस सुरुवातीपेक्षाही अशक्त होऊ शकतो. लिराग्लुटाइड या त्याच गटातील औषधावर २०२१ मध्ये झालेल्या एका चाचणीत, आधी कमी कॅलरींच्या आहाराने वजन उतरवून मग वर्षभर औषध आणि व्यायाम दोन्ही चालू ठेवणाऱ्यांच्या शरीरातील चरबीचा टक्का, केवळ औषध किंवा केवळ व्यायाम करणाऱ्यांच्या तुलनेत सुमारे दुपटीने कमी झाला होता. ही चाचणी डॉक्टरांनीच मला दाखवली आणि माझ्या बाबतीत मात्रा हळूहळू खाली आणून पाहण्याचे आम्ही ठरवले आहे, तेही व्यायामात एकही आठवडा खंड न पडू देता.

गेल्या महिन्यात माझ्या धाकट्या बहिणीलाही हेच औषध सुरू झाले. पहिल्या इंजेक्शनच्या आदल्या दिवशी मी तिच्याकडे गेले, हातात घड्याळ घेऊन तिला खुर्चीवरून पाच वेळा उठायला आणि बसायला लावले आणि आकडा तारखेसह तिच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहिला. १२ सेकंद.